'ग्रातिस' : फुकट, निष्कारण, व्यर्थ आणि कृपेने

प्रभूने बारा शिष्यांना प्रथम पाठविले त्या वेळी दिलेल्या आज्ञेत (मत्तय १०:८) एक शब्द दोनदा येतो. आपल्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी 'फुकट' हा शब्द योजिला आहे. हा शब्द व्यासपीठावरून उच्चारताना आपल्यापैकी पुष्कळांची जीभ किंचित अडखळते. 'फुकट' म्हणजे बाजारातील शब्द. फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी कदर करीत नाही आणि फुकट्या माणसाला कोणी पंक्तीत बसवून घेत नाही. म्हणून प्रवचनात आपण 'विनामूल्य' किंवा 'मोफत' असा सोवळा शब्द शोधतो. तो शोध चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या जागी लॅटिन भाषांतरात जे क्रियाविशेषण अव्यय आहे, 'ग्रातिस', त्याचा इतिहास पाहिला तर ही अडखळण आजची नव्हे असे ध्यानात येते. पश्चिमेकडील मंडळीने हा शब्द दीड हजार वर्षांहून अधिक काळ वापरला, त्यावर वाद केले, कायदे केले आणि ते कायदे मोडलेही. त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत 'ग्रातिया' या नामाचे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर 'ग्रातिया' म्हणजे मर्जी, कृपा, उपकार. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तोच शब्द उपकाराची जाणीव, आभार असा अर्थ देतो. या नामाचे, तृतीया व पंचमीचे काम करणाऱ्या विभक्तीतील अनेकवचन म्हणजे 'ग्रातिईस'. त्याचा अक्षरार्थ 'आभारांच्या मोबदल्यात' असा होतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या प्लाउतुस व तेरेन्तियुस या नाटककारांच्या भाषेत हे पूर्ण रूप आढळते. सिसेरोच्या काळापर्यंत ते झिजून 'ग्रातिस' असे आटोपशीर झाले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. 'काही घेतले नाही' असे हा शब्द मुळात म्हणतच नाही. 'आभारांखेरीज काही घेतले नाही' असे तो म्हणतो. रोमी समाजात हा भेद फार महत्त्वाचा होता. इ. स. पूर्व २०४ मधील किन्किया कायद्याने वकिलांना अशिलांकडून पैसा वा देणगी घेण्यास मनाई केली. वकिली ही विकत देण्याची वस्तू नव्हे, प्रतिष्ठिताने करावयाचा तो उपकार होय, अशी कल्पना होती. पण उपकृत मनुष्य मोकळा राहत नसे. तो मतदानाच्या वेळी, सकाळच्या मुजऱ्याच्या वेळी, पाठीराख्यांच्या गर्दीत आपले देणे फेडीत राही. कायदाही नीट पाळला गेला नाही. शेवटी इ. स. ४७ मध्ये सम्राट क्लौदियुस याने वकिलांच्या मोबदल्यास दहा हजार सेस्टर्स अशी कमाल मर्यादा ठरवून वस्तुस्थिती मान्य केली.

सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या भागात हाच शब्द संतापाने वापरला आहे. भाडेमाफीचा हुकूम निघाला होता. त्यावर त्याचे म्हणणे असे की, घर मी विकत घेतले, मी बांधले, दुरुस्ती मी करतो, आणि माझ्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याने त्यात 'ग्रातिस' का राहावे? म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या हाती येण्यापूर्वीच या शब्दाला दोन गोष्टी चिकटलेल्या होत्या. एकाला जे फुकट मिळते त्याचा खर्च कोणाच्या तरी पदरी पडतो. आणि फुकट देणारा पुष्कळदा पैशांऐवजी मनुष्यच विकत घेतो.

इब्री भाषेकडून आलेले अर्थ

जुन्या करारात या जागी 'हिन्नाम' असा इब्री शब्द आहे. तो 'हेन', म्हणजे कृपा किंवा मर्जी, या शब्दापासून झालेला आहे. लाबान याकोबाला विचारतो, तू माझा भाऊबंद म्हणून माझी चाकरी फुकट करावीस काय (उत्पत्ति २९:१५)? सातव्या वर्षी इब्री दासाने काही न देता मुक्त व्हावे (निर्गम २१:२). रानात कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसरात फुकट खाल्लेल्या माशांची आठवण होते (गणना ११:५). त्या माशांसाठी आपण आपले स्वातंत्र्य मोजले होते, याचा मात्र त्यांना विसर पडतो.

पण 'हिन्नाम'चा अर्थ एवढ्यावर थांबत नाही. कारण नसताना केलेले वैर हेही 'हिन्नाम' (स्तोत्रसंहिता ३५:१९, ६९:४), आणि फळ न देणारे, वाया गेलेले कृत्य हेही 'हिन्नाम'च. मोबदला नाही, कारण नाही, फळ नाही, अशा तिन्ही प्रकारचे 'नाही' एका शब्दात सामावले आहेत. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपणही 'फुकट जेवलो' म्हणतो, 'फुकट शिव्या खाल्ल्या' म्हणतो आणि 'श्रम फुकट गेले' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात मोबदला नाही, दुसऱ्यात कारण नाही, तिसऱ्यात फळ नाही. ज्या शब्दाला आपण हलका समजतो तो या बाबतीत इब्री शब्दाच्या फार जवळ आहे.

आलेक्सांद्रिया येथे सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात 'हिन्नाम'साठी 'दोरेआन', म्हणजे 'देणगी म्हणून', हा शब्द घेण्यात आला. बाजारव्यवहारातील या ग्रीक शब्दावर त्यामुळे 'निष्कारण' व 'व्यर्थ' या अर्थांचे ओझे पडले. पुढे लॅटिन भाषांतरांनी तेच ओझे 'ग्रातिस'वर ठेवले. सिसेरोला निष्कारण द्वेषासाठी 'ग्रातिस' म्हटलेले ऐकून विचित्र वाटले असते. पण लॅटिन स्तोत्रे गाणाऱ्या मठवासीयांना तो रोजचा शब्द झाला.

भाषांतरकाराने यांतील कोणता अर्थ घ्यावा यावर संदेश बदलतो. मलाखी १:१० मध्ये वेदीवर 'हिन्नाम' अग्नी पेटविण्याचा उल्लेख आहे. जेरोमने त्याचा अर्थ 'मोबदल्यावाचून' असा घेतला. त्यामुळे वचन याजकांच्या लोभावर कोरडा ओढते : तुमच्यापैकी फुकट दार लावणारा, फुकट अग्नी पेटविणारा कोण आहे? आधुनिक भाषांतरे तेथे 'व्यर्थ' असा अर्थ घेतात, आणि मग वचन निष्फळ उपासनेविरुद्ध बोलते : असा अग्नी पेटविण्यापेक्षा दारे बंद केलेली बरी. सेवकाने दोन्ही बोल ऐकून ठेवावेत असे आम्हांस वाटते. कारण मोबदल्यावर डोळा ठेवून पेटविलेला अग्नी बहुधा व्यर्थच असतो.

नव्या करारातील नऊ स्थळे

नव्या करारात 'दोरेआन' हा शब्द नऊ वेळा येतो, आणि व्हल्गेट या लॅटिन भाषांतरात त्या नऊही ठिकाणी 'ग्रातिस' आहे. मत्तय १०:८ मध्ये दोनदा. मग योहान १५:२५, रोमकरांस ३:२४, २ करिंथकरांस ११:७, गलतीकरांस २:२१, २ थेस्सलनीकाकरांस ३:८, आणि प्रकटीकरण २१:६ व २२:१७. आपल्या भाषेत या स्थळी निरनिराळे शब्द योजावे लागतात आणि ते योग्यही आहे. तथापि त्यामुळे एक धागा आपल्या नजरेतून सुटतो.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभु म्हणतो की, त्यांनी माझा द्वेष केला त्याला कारण नव्हते. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की, आपण नीतिमान ठरतो ते 'दोरेआन', देवाच्या कृपेने. शब्द एकच. प्रभूच्या ठायी द्वेषाला कारण नव्हते. आपल्या ठायी प्रीतीला कारण नव्हते. वधस्तंभापाशी या दोन निष्कारण गोष्टी समोरासमोर आल्या, आणि दुसरीने पहिलीला जिंकले. गलतीकरांस पत्रात तोच शब्द तिसऱ्या अर्थाने येतो : नीतिमत्त्व नियमशास्त्राने मिळत असेल तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ होय. म्हणजे जे फुकट दिले आहे ते कमाईचे समजणे याचाच अर्थ ते फुकट घालविणे. हा विचार ज्याला मराठीत सांगावयाचा आहे त्याला 'फुकट' या शब्दाइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

ऑगस्टीन व ईयोबाचा प्रश्न

ग्रीक भाषेत कृपेला 'खारिस' म्हणतात. 'खारिस' व 'दोरेआन' यांचा धातु एक नाही. लॅटिनमध्ये मात्र 'ग्रातिया' व 'ग्रातिस' ही मायलेकरे. रोमकरांस ३:२४ या वचनात ती शेजारी शेजारी उभी राहिली आणि ग्रीक वाचकाला जो प्रतिध्वनि ऐकू येत नव्हता तो लॅटिन वाचकाच्या कानी पडू लागला. पेलागियुसाच्या मतांविरुद्ध झालेल्या वादात, विशेषतः इ. स. ४११ नंतरच्या काळात, हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने या प्रतिध्वनीचाच आधार घेतला. जी कृपा 'ग्रातिस' दिलेली नाही तिला कृपा म्हणताच येत नाही, हे त्याने निरनिराळ्या ग्रंथांतून पुनःपुन्हा मांडले.

परंतु ऑगस्टीनने हा शब्द उलट दिशेनेही चालविला, आणि आमच्या मते तेथे त्याची खरी थोरवी दिसते. ईयोबाच्या पुस्तकाच्या आरंभी (१:९) सैतान विचारतो, ईयोब देवाचे भय बाळगतो ते काय 'हिन्नाम'? ग्रीक भाषांतरात तेथे 'दोरेआन' होते आणि ऑगस्टीनच्या हाती असलेल्या जुन्या लॅटिन भाषांतरात 'ग्रातिस'. जेरोमने मूळ इब्रीवरून भाषांतर करताना 'फ्रुस्त्रा', म्हणजे 'व्यर्थ', हा शब्द घातला. त्यामुळे व्हल्गेटच्या वाचकापासून हा दुवा हिरावला गेला. ऑगस्टीनला मात्र तो दिसत होता. देव मनुष्यावर 'ग्रातिस' प्रीति करतो; मग मनुष्य देवावर 'ग्रातिस' प्रीति करू शकतो काय? मुले, गुरे व आरोग्य गेल्यावरही ज्याची भक्ति टिकते तोच सैतानाला उत्तर देतो. देवाकडून देवाखेरीज दुसरे बक्षीस न मागणे यालाच ऑगस्टीन फुकट उपासना म्हणतो.

पुढे २:३ मध्ये देवच सैतानाला म्हणतो की, तू मला याचा 'हिन्नाम' नाश करण्यास चिथाविलेस. भक्ति निष्कारण आहे काय, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळते की, दुःख निष्कारण आहे. आजारी माणसाच्या खाटेपाशी बसून त्याच्या दुःखाचे कारण शोधून देण्याची घाई आपण करतो. या वचनाने ती घाई आवरावी.

मंडळीचा व्यवहार

आता व्यवहाराकडे वळू. प्रभूची आज्ञा ज्या वचनात आहे त्यानंतर दोनच वचनांनी (मत्तय १०:१०) कामकरी आपल्या अन्नास योग्य आहे असेही सांगितले आहे. पौलाने करिंथ येथे सुवार्ता फुकट सांगितली, पण त्या काळात मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी त्याची गरज भागविली, हे तो लपवीत नाही (२ करिंथ. ११:८-९). थेस्सलनीकात त्याने कोणाचे अन्न फुकट खाल्ले नाही. रात्रंदिवस कष्ट केले. १८७३ मध्ये सापडलेल्या आणि १८८३ मध्ये छापल्या गेलेल्या 'दिदाखे' या प्राचीन पुस्तिकेतही हाच तोल आहे : पैसे मागणारा संदेष्टा खोटा समजावा, पण खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकातील वाटा द्यावा. तात्पर्य, सेवकाने उपाशी राहावे असे 'ग्रातिस' सांगत नाही. सुवार्ता विकू नये एवढेच सांगते.

हा तोल राखणे मंडळीला फार जड गेले. इ. स. ४५१ मध्ये खाल्सेदोन येथील धर्मसभेला पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपांविरुद्ध नियम करावा लागला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेने प्रेतसंस्कार, विवाहाचा आशीर्वाद व इतर संस्कार यांसाठी रक्कम मागण्याची चाल निषिद्ध ठरविली. त्याच सभेने प्रत्येक कॅथीड्रलमध्ये एक शिक्षक नेमून त्याला उत्पन्न लावून द्यावे, आणि त्याने तेथील सेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना 'ग्रातिस' शिकवावे, असा नियम केला. नियम करणाऱ्यांची दूरदृष्टि अशी की, शिष्याला फुकट मिळावयाचे तर शिक्षकाच्या पोटाची सोय आधी हवी, हे त्यांनी ओळखले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने संस्कार मोकळेपणाने द्यावेत असे पुन्हा बजावले. आणि लगेच पुढे, लोकांनी चालत आलेल्या धार्मिक दानाच्या प्रथा भक्तीचे निमित्त करून मोडू नयेत, असेही सांगितले. देणगी कोठे संपते व दर कोठे सुरू होतो, हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वी जितका नाजूक होता तितकाच आजही आहे.

सोळाव्या शतकात येशू संघाने हा शब्द आपल्या शाळांच्या दारावर लावला. १५५१ मध्ये रोम येथे जी पाठशाळा उघडली तिच्या फलकावर व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती शिक्षण या विषयांपुढे 'ग्रातिस' असे लिहिले होते. याच संघाचे काम आपल्या गोव्यातही चालू होते. तेथे १५४१ मध्ये स्थापन होऊन पुढे येशू संघाकडे आलेल्या आणि संत पौलाचे महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेतही निरनिराळ्या देशांतील मुलांची सोय होत असे. त्या संस्थेचा खर्च कशातून चालला, हे मात्र आपण विसरता कामा नये. गोवे बेटावरील देवळे पाडली गेल्यावर त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या व या संस्थेच्या कार्याकडे वळविण्यात आले. गावकऱ्यांची संमती कागदावर नोंदली गेली. पण सत्तेच्या छायेत दिलेल्या संमतीला खुशीचे दान म्हणता येत नाही. सिसेरोचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो : घेणाऱ्याला फुकट, पण कोणाच्या जिवावर? दावीदाला हे कळले होते. अरौनाचे खळे व बैल त्याला नुसते मागून मिळत होते. परंतु ज्याला काही खर्च आला नाही असे होमार्पण आपण परमेश्वराला करणार नाही, असे म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजले (२ शमुवेल २४:२४). तेथेही इब्री शब्द 'हिन्नाम'च आहे. जे दुसऱ्याकडून सक्तीने घेतले ते आपण फुकट वाटले म्हणून 'ग्रातिस' होत नाही, हा धडा आपल्या मंडळीने नम्रपणे शिकावयाचा आहे.

दोन पक्ष, एक शब्द

धर्मसुधारणेच्या वादात दोन्ही पक्षांनी हे अव्यय सोडले नाही, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे सादर झालेल्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राच्या चौथ्या कलमात, मनुष्य स्वतःच्या सामर्थ्याने वा कृत्यांनी नव्हे तर ख्रिस्तासाठी, विश्वासाच्या द्वारे, 'ग्रातिस' नीतिमान ठरतो, असे म्हटले आहे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने आपल्या सहाव्या बैठकीत याच शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी स्वतंत्र प्रकरण योजिले, आणि नीतिमान ठरण्यापूर्वीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कृत्ये असोत, ती कृपा कमावू शकत नाही, असे स्पष्ट केले. भांडण मोठे होते आणि अनेक प्रश्नांवर होते. पण त्याच्या मध्यभागी हा लहानसा शब्द दोघांच्याही ओठी होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथेच लुथरन जागतिक संघ व रोमन कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्यांनीही त्यास मान्यता दिली. साडेचारशे वर्षांपूर्वी दोन्ही कागदांवर जो शब्द होता त्याकडे परत येण्यास इतका काळ लागला.

उपसंहार

आपल्याकडे या शब्दाची कसोटी पगाराच्या निमित्ताने झाली. मिशनांच्या काळात उपदेशक हा वेतन घेणारा मनुष्य होता, आणि वेतनासाठी बोलतो असा आक्षेप त्याला रस्तोरस्ती ऐकावा लागे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी व वेतन सोडून 'देवाच्या दरबारा'ची वाट धरली, ती या आक्षेपाला स्वतःच्या जीवनाने दिलेले उत्तर होते. सर्वांनी तसे करावे असे आम्ही म्हणणार नाही; पौलाला जो अधिकार होता तो प्रत्येक सेवकाला आहे, आणि घरात मुले असलेल्या उपदेशकाला त्यागाचा पाठ देणे हे पोट भरलेल्यांचे काम नव्हे. परंतु वेतन घेणाऱ्यालाही 'ग्रातिस' सेवा करता येते. ज्या घरातून पाकीट येणार नाही त्या घरी तितक्याच लवकर जाणे, गरिबाच्या प्रेतसंस्कारास तितकाच वेळ देणे, आणि केलेल्या उपकाराच्या मोबदल्यात मंडळीच्या निवडणुकीत मत न मागणे, ही त्या सेवेची लक्षणे होत. यांपैकी शेवटचे लक्षण आम्ही मुद्दाम लिहिले आहे. पैसे न घेणारा परंतु माणसे अंकित करून ठेवणारा सेवक रोमी आश्रयदात्याच्या रांगेत बसतो, प्रभूच्या शिष्यांच्या नव्हे.

'फुकट' या शब्दाविषयी आमची सूचना एवढीच की, तो टाळू नये, समजावून सांगावा. ज्यासाठी दुसऱ्याने संपूर्ण किंमत मोजली ते आपल्याला फुकट. ज्याला आपल्यात काही कारण नव्हते ते आपल्याला फुकट. आणि ज्याला आपण दर लावू ते आपल्या हातून फुकट गेले. शास्त्राच्या शेवटच्या पानावर तान्हेल्यांना जे जीवनाचे पाणी देऊ केले आहे तेथेही हाच शब्द आहे. त्या झऱ्यावर पाणी वाहण्याचे काम आपल्याकडे आहे. झरा आपला नाही.